एमिलिओचं कोपर

हॅल डॉकरीनं माइक हातात घेतला तेव्हाच हॉलमधली माणसं हसायला तयार होऊन बसली होती.

अमेरिकेतल्या शॉमबर्ग गावातल्या एका हॉटेलात बेसबॉल टीमनं आपल्या जुन्या चाहत्यांना लंचला बोलावलं होतं. दोन हजार आठचा जानेवारी, बाहेर गुडघाभर बर्फ. टीम सहा वर्षं तळाला होती, तरी एक खुर्ची रिकामी नव्हती. डॉकरी तीन सीझन मॅनेजर होता, म्हणजे मुख्य कोच. आता रिटायर होत होता. पुढच्याच टेबलावर टीमची टोपी घालून उल्हास बसला होता आणि त्याच्या शेजारी त्याची मुलगी, नीलांबरी. ती टीमची फिजिओथेरपिस्ट. तिला यायचंच नव्हतं; बाबाच मागे लागला होता.

"दोन हजार पाचचा मार्च आठवा," डॉकरी म्हणाला. "ॲरिझोनातला कॅम्प. मी नवा. आदल्या वर्षी आपण शंभर मॅचेस हरलेलो. मी काय केलं? त्या शंभर मॅचेसची यादी पोरांकडून मैदानात पुरून घेतली! आमच्या कॅचरनं वर प्रार्थना म्हटली. मग मी सांगितलं, आजपासून माझ्या कॅम्पमध्ये कुणाला काही दुखत नाही."

हॉल खदखदून हसला.

"मी होतो तिथं!" उल्हास टेबलावरच्या सगळ्यांना सांगत होता. मग मराठीत मुलीकडे वळून, "नीलू, आठवतं? दोन आठवडे रजा टाकून आलो होतो. सकाळी पोह्यांचा डबा घ्यायचा आणि स्टँडमध्ये जाऊन बसायचं. काय दिवस होते यार!"

नीलांबरी प्लेटमधलं चिकन नुसतंच कापत होती.

"आणि तो एमिलिओ!" डॉकरी पुढे म्हणाला. "आमचा डॉमिनिकन पिचर. कोपर दुखतंय म्हणून रडत आला. मी म्हटलं, बाळा, एक तर आईला फोन कर, नाहीतर बॉल टाक. पठ्ठ्यानं त्या दिवशी नव्वद बॉल टाकले!"

"नव्वद!" उल्हास हसत टाळ्या वाजवू लागला. "मी मोजले होते."

"हसू नकोस, बाबा."

"अगं, गंमत करतोय तो."

"हसू नकोस म्हटलं ना!" ती दबक्या आवाजात म्हणाली, पण समोरच्या बाईनं मान वर केली. "त्याचं कोपर एवढं सुजलं होतं. मी स्वतः चेक केलं होतं. टू वीक्स रेस्ट, असं रिपोर्टमध्ये लिहिलं. डॉकरीनं तो कागद माझ्यासमोर फाडला."

उल्हासचे हात थांबले. "मग?"

"मग काय? लिगामेंट फाटलं. जूनमध्ये टीमनं त्याला रिलीज केलं. काँट्रॅक्ट गेलं, व्हिसा गेला, तो परत गेला. दोन वर्षं मला फोन करायचा. एक्सरसाइज सांगा, मी अजून टाकू शकतो, म्हणायचा. आता फोनही येत नाही. बावीस वर्षांचा होता, बाबा."

"मला का नाही सांगितलंस तेव्हा?"

"कसं सांगणार? त्या संध्याकाळी मी रूमवर आले तर तू दारातच मला मिठी मारलीस. नव्वद बॉल, नव्वद बॉल! तेव्हापासून तेच चाललंय. गणपतीत तेच, दिवाळी पार्टीत तेच. दर वेळी वाटतं, ओरडून तुझं तोंड बंद करावं."

उल्हासनं टोपी काढून मांडीवर ठेवली. तो पोरगा दर बॉलनंतर हात झटकायचा. स्टाइल आहे, असं वाटलं होतं त्याला. शेजारच्या माणसाला त्यानं ती करूनही दाखवली होती.

"कुणाला काही विचारायचंय?" स्टेजवरून प्रश्न आला.

उल्हास उभा राहिला. नीलांबरीनं त्याची बाही धरली. "बाबा, प्लीज. माझा जॉब आहे इथं."

पण माइक त्याच्यापर्यंत पोचला होता. तीस वर्षं अमेरिकेत काढूनही त्याच्या इंग्रजीतलं नागपूर गेलं नव्हतं.

"मिस्टर डॉकरी, मी त्या दिवशी तिथं होतो. मी टाळ्या वाजवल्या. तो मुलगा आता कुठे आहे?"

डॉकरीनं दिव्यांच्या उजेडापुढे हात धरून पाहिलं. "सर, कॅम्पमध्ये पोरं येतात, जातात."

"त्याचं आडनाव काय होतं?"

डॉकरीनं खांदे उडवले. "काहीतरी स्पॅनिश असणार!"

थोडे लोक हसले. उल्हास हलला नाही. मग मात्र डॉकरीचा आवाज बदलला. "हे बघा, माझ्या टीममध्ये जखमी माणूस कधी खेळलेला नाही. तुमच्या शेजारीच आमची फिजिओ बसलीय. तो फिट होता, असं तिनंच लिहून दिलंय. विचारा तिला."

सगळा हॉल नीलांबरीकडे बघू लागला. उल्हासही. फाडलेल्या कागदानंतर दुसरा एक कागद होता, हे तिनं त्याला सांगितलं नव्हतं.

त्याच्या नजरेत काय आहे ते तिनं पाहिलं. मग उठून त्याच्या हातातला माइक काढून घेतला.

"पेन्या," ती म्हणाली. "एमिलिओ पेन्या. तुम्ही दुसरा कागद पुढे केलात आणि मी सही केली. नोकरी जाईल म्हणून केली. तो फिट नव्हता. तुम्हाला माहीत होतं आणि मलाही माहीत होतं."

स्पीकर कर्कश वाजला. मागच्या टेबलावरून कुणीतरी ओरडलं, "सिट डाऊन!"

नीलांबरी बसली नाही. उल्हासही बसला नाही.