विद्यापीठासमोरचं स्टेशन

"आज स्वेटर घातलाय म्हणतात," रिसीव्हरवर हात ठेवून कुरिहारासान इंग्रजीत म्हणाले. कादिरने ते बायकोला मराठीत सांगितलं.

"निळा का?" खैरुन्निसाने विचारलं.

कुरिहारासान जपानीत दोन शब्द बोलले, थांबले. "हो, निळा."

खैरुन्निसाने ओढणीने डोळे टिपले.

कादिर सौदीतल्या यान्बूच्या एका कारखान्यात फोरमन होता आणि कुरिहारासान तिथलेच जपानी इंजिनिअर. कादिरचा एकुलता एक मुलगा उमैर जपानला शिकायला गेला, आणि गेल्या उन्हाळ्यात त्याचे फोन यायचे बंद झाले. विद्यापीठाने कळवलं, मुलगा वर्गात येत नाही, खोलीही सोडलीय. जपानला जाऊ द्या म्हणून कादिरने कफीलचे, म्हणजे त्याला इथे कामावर आणणाऱ्या मालकाचे, पाय धरले, पण मालकाच्या कपाटातला कादिरचा पासपोर्ट काही बाहेर निघाला नाही.

शेवटी तो कुरिहारासानच्या दारात जाऊन उभा राहिला. उमैरच्या बोलण्यात नेहमी एक स्टेशन यायचं. त्याचं नावच 'विद्यापीठासमोर'. उतरणारे सगळे विद्यार्थीच. सुट्टीत फलाटावर चिटपाखरू नसायचं.

"एवढंसं स्टेशन म्हणजे तिथली माणसं चेहरे ओळखत असणार," कुरिहारासान म्हणाले आणि त्यांनी फोन लावला.

त्या दिवशी ते बराच वेळ नुसतं ऐकत राहिले. मग रिसीव्हर ठेवून खिडकीबाहेर बघत म्हणाले, "येतो तो. रोज येतो. बाकावर बसतो आणि परतीच्या गाडीने जातो."

"मग वर्गात का जात नाही?"

"नापास झाला असेल. लाज वाटत असेल. आमच्याकडे होतं असं."

तेव्हापासून दर शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजाआधी, दोघं त्यांच्याकडे यायची. खैरुन्निसा निरोप द्यायची, अब्बा रागावलेले नाहीत, ये म्हणावं. स्टेशनवाले निरोप पोचवायचे. उमैर मान खाली घालून ऐकायचा, पण उत्तर द्यायचा नाही. फोनवर बोल म्हटलं की उठून चालायला लागायचा.

पोरगा आता परत येत नाही, हे कादिर मनातून समजून चुकला होता. खैरुन्निसाने मात्र तेवढ्यावरच तग धरला होता. "माझ्या नाही, तर कुणाच्या तरी नजरेला पडतोय ना," ती म्हणायची. मधले सहा दिवस ती जेमतेम दोन घास गिळायची. शुक्रवारी घरी परतल्यावर मात्र नीट जेवायची.

"त्यांना विचारा," आता ती कादिरला म्हणाली, "वाळलाय का तो?"

कादिर विचारेपर्यंत आतून दूध करपल्याचा वास आला. या दोघांसाठी कुरिहारासान दुधाचा चहा करायला शिकले होते. ते रिसीव्हर टेबलावर टाकून स्वयंपाकघराकडे धावले.

कादिर त्या रिसीव्हरकडे बघत राहिला. पलीकडच्या त्या भल्या माणसाचे आपण एकदाही आभार मानले नाहीत, हे त्याच्या मनात आलं. कारखान्यात कानावर पडलेले दोन-चार जपानी शब्द त्याला येत होते, आभाराचाही. त्याने रिसीव्हर उचलून कानाला लावला.

 मग तो कानाशी आणखी घट्ट दाबून धरला.

"काय म्हणतात?" खैरुन्निसाने विचारलं. "वाळलाय का?"

"नाही," कादिर म्हणाला. "बरा आहे म्हणतात. आत्ताच गाडीतून उतरला."

रिसीव्हरमध्ये ध्वनिमुद्रित बाई अरबीत पुन्हा पुन्हा सांगत होती, आपण फिरवलेला नंबर अस्तित्वात नाही.