सारखी वाटणी

जीवराम घडीत तापायचा, घडीत निवायचा. पण भडगावच्या बाजारातून दोघी बायकांना लुगडी आणायचा ती सारखीच, म्हणून गाव त्याला न्यायी माणूस म्हणे. थोरल्या सुंदरबाईचा जीव तरीही धाकटीवर जळत असे.

त्या दुपारी धाकट्या बेबाबाईची भाजी अळणी झाली. "भाजीमा मीठ कोठे शे?" म्हणत जीवरामनं ताटच भिरकावलं. मग दिवस कलायच्या आत मळ्यातून पिकलेल्या केळांची फणी आणून गुपचूप तिच्यापुढे ठेवली.

"अक्का, तुम्हनं नशीब चांगलं," केळ सोलता सोलता बेबाबाई म्हणाली. "तुम्हले मालक कधीच बोलतस नहीत."

दुसऱ्या दिवशी रांधायची पाळी सुंदरबाईची होती. वांग्याच्या भरतात तिनं मूठभर मीठ जास्त घातलं, ताट वाढलं, आणि आज तरी तो ओरडेल म्हणून दाराआड उभी राहिली.

जीवराम पहिल्या घासाला थोडा थांबला. मग खाली मान घालून त्यानं सगळं भरीत संपवलं आणि तांब्याभर पाणी प्यायला.

"चांगलं झायं," उठता उठता तो म्हणाला, पाहुणा म्हणतो तसं.