चार वाजताचा थांबा

रोज दुपारी चार वाजता सप्तरंगी छत्रीवाली गाइडबाई पर्यटकांना घेऊन निवृत्त हेडमास्तरांच्या बाल्कनीखाली थांबायची आणि वर बोट दाखवायची. आपल्या जुन्या घराचं एवढं कौतुक! मास्तरांची छाती फुगायची. कडक इस्त्रीचा शर्ट घालून ते वरून हात हलवायचे. आज मात्र न राहवून ते खाली उतरले आणि घोळक्यामागे उभे राहून ऐकू लागले.

“‘मी मुलगी आहे’ म्हणाला, म्हणून बापाने पोटच्या पोराची बॅग याच बाल्कनीतून खाली फेकली.”

“मग त्या पोराचं काय झालं?” कुणीतरी विचारलं.

“तुमच्यासमोर उभी आहे की!” मग तिची नजर मागे गेली. “बाबा, तुम्ही खाली कशाला आलात? वर जा, हात हलवा. लोकांना फोटो काढायचेत.”