दिव्यानीच्या नावाचं पाकीट

"पारा म्हंजे थर्मामीटरातला?" मनकर्णाने विचारलं.

"हो, तोच," साधना म्हणाली. चंद्रपूरहून निघताना तिने गाडीत चार धीराची वाक्यं घोकून ठेवली होती. आता त्यातलं एकही उपयोगाचं वाटेना. समोर दिव्यानी भिंतीला टेकून बसली होती, सातवा महिना, दोन्ही हात पोटावर. तिची सासू मनकर्णा उंबऱ्यातच उभी होती. बातमी वाईट असली तर तिथूनच परत पाठवायची, असं तिचं उभं राहणं.

साधनाचं संशोधन हवेतल्या पाऱ्यावर. कोळसा जळतो, त्यातला पारा धुरातून वर जातो, पावसाबरोबर तलावात उतरतो. आधी बारक्या मासोळ्यांत शिरतो, मग त्यांना खाणाऱ्या मोठ्या माशात साठतो, आणि तो मासा जो खाईल त्याच्या केसांत सापडतो. म्हणून तिने तलावाकाठच्या या गावातून बायकांचे केस तपासायला नेले होते. आकडा एकच्या आत असला की निश्चिंत. दिव्यानीच्या नावाच्या पाकिटात साडेचार निघाला होता. बाळाचा मेंदू घडायचे हे दिवस. सकाळी तो आकडा पाहिला आणि साधना तशीच गाडीत बसली होती.

"लय हाये का, मॅडम?" दिव्यानीने हळूच विचारलं.

"जास्त आहे गं. पण एकदा खात्री करू. आज केस मी स्वतः कापते." साधनाने पिशवीतून कैची काढली.

मनकर्णा तरातरा आत आली. "कैची नोको काढू मॅडम. पोटात लेकरू असताना बाईच्या केसाले कैची लावत नाई आमी."

"मग मागच्या वेळी कशी लावली?"

मनकर्णाने सुनेकडे पाहिलं. मागच्या वेळी साधनालाच घाई होती. एका दिवसात चाळीस घरं उरकायची म्हणून तिने पाकिटं वाटली, मानेजवळचे चिमूटभर केस कापून ठेवा म्हणाली, आणि संध्याकाळी गोळा करून नेली. विद्यार्थ्याने असला शहाणपणा केला असता, तर तिने त्याची खरडपट्टी काढली असती.

"माह्ये देल्ले," मनकर्णा म्हणाली. पंचेचाळिशीची बाई, केस अजून काळेभोर. "तुमी एवढ्या दुरून आल्या, पाकीट रिकामं कसं देऊ? घर एकच, हवा एकच. म्हनलं, केस कोनाचे का असना."

साधनाने कपाळाला हात लावला. मग तिचा जीव भांड्यात पडला, आणि तसा पडल्याची तिला लाजही वाटली. "म्हणजे तो पारा तुमच्या अंगातला, बाई."

"असू दे माह्यात. माह्यं काय, सारं झालं आता करून." मनकर्णाने भिंतीवरच्या देवाला हात जोडले. "लेकरू तं बचलं."

"आई, तुमी मले बी नाई सांगतलं," दिव्यानी म्हणाली. पण ती हसत होती. साधना आल्यापासून पहिल्यांदाच तिने पोटावरचे हात काढून पाण्याचा गिलास घेतला.

"लय जपतो मी इले, मॅडम. धूर लागन म्हून अंगणात बी बसू देत नाई."

मागच्या वेळी घाईत नुसतं दिव्यानीचं नाव लिहून ठेवलेला कागद आता मनकर्णाच्या नावाने भरायला हवा होता. साधनाने वय लिहिलं, वजन लिहिलं. पुढचा रकाना आला. "मासे किती खाता, बाई?"

"मी?" मनकर्णाला त्या प्रश्नाचं नवलच वाटलं. "मी तं रस्सा-भातावर भागवतो. हप्त्यातून एखांदा शेपटीचा तुकडा भेटला तं भेटला. पोरगा तलावातून मोठी मरळ आनते, ते सारी इच्या ताटात. दिवस गेले तवापासून रोज."

तिने सुनेच्या केसांवरून हात फिरवला.

"दोन जिवाची हाये ना. बरं करतो ना मी, मॅडम?"