उठता येत नाही

दोघांना जमिनीवरून उचलायचं काम माझ्याकडे आहे. आई गेल्यावर अण्णा व्हायोलिन शिकायला लागले. शिकवणाऱ्या सबनीसबाईही एकट्याच आहेत. मांडी घालून, व्हायोलिन पायावर टेकवून बसलं, की दोघांचेही गुडघे आखडतात. त्यामुळे पाचला संपणारी शिकवणी मी ऑफिसातून येईपर्यंत, म्हणजे सातपर्यंत चालते.

काल लवकर सुटलो. किल्ली बॅगेच्या तळाशी होती, म्हणून बेल वाजवली. जाळीच्या दारातून दिसलं, दोघंही टुणकन उठले आणि एकमेकांकडे बघतच राहिले.

“बाई, तुम्हाला उठता येतं?” अण्णांनी विचारलं.

“छे हो. तुम्हाला?”

“कुठलं!”

दोघंही परत खाली बसले.

“अजून सात वाजले नाहीत रे,” अण्णा आतूनच ओरडले. “चक्कर मारून ये.”

सातला येऊन दोघांना उचललं. नेहमीपेक्षा जास्त कण्हले.