अधिकार देऊन आलेला भाऊ

ओहायोतल्या आमच्या गावात चिनी मातीच्या ताटल्या बनायच्या. परदेशी मालावरचं आयात शुल्क उतरलं आणि ग्लेनिसचा कारखाना बंद पडला. त्याच रविवारी तिचा खासदार भाऊ हार्लन आईकडे जेवायला आला. “परदेशांशी करार करणं, शुल्क ठरवणं, सगळं आता राष्ट्राध्यक्षांच्या हातात. मी काय करणार?” तो म्हणाला. “त्यांच्या हातात दिलं कुणी?” ग्लेनिस कडाडली. “संसदेत मत तूच दिलंस ना?” “देशाचं हित बघावं लागतं, बाई.” “मग आम्ही कुठल्या देशातले रे?” “एवढं कळतंय तर निवडणुकीत लढ माझ्याविरुद्ध!” हार्लन हसला. आईने त्याच्यापुढची भरली ताटली उचलली. “जेवायलाही राष्ट्राध्यक्षांकडेच जा.” ग्लेनिस खरोखरच लढली आणि हरली. निकालाच्या संध्याकाळी हार्लनने आईला फोन लावला. “आई, मी जिंकलो!” पोराचा आवाज तिने लगेच ओळखला. “राँग नंबर,” ती शांतपणे म्हणाली.