सवलतीची गाडी

ग्रंथपालाने गाडीला कुलूप लावले, दार एकदा ओढून पाहिले आणि चावी खिशात टाकली.

भंगारवाल्याला हसू आवरेना. "काका, आता हिला कोण चोरतंय? घटकाभरात चपटा डबा होणार हिचा. द्या ती चावी इकडे."

"सवय," ग्रंथपाल पुटपुटला आणि ओशाळून त्याने चावी काढून दिली.

जुनी गाडी मोडल्याचा दाखला आणल्याशिवाय विजेच्या गाडीवरची सरकारी सवलत मिळत नव्हती, आणि सवलतीशिवाय ती गाडी त्याच्या पेन्शनीत बसत नव्हती. जन्मभर हा माणूस कुठलीही वस्तू दुसरी आवृत्ती निघाल्यावरच घेत आला. यंदा मात्र नोंदणीच्या पहिल्याच सकाळी तो शोरूमच्या दारात जाऊन उभा राहिला होता. तरीही पुढे रांग होतीच. "गाड्या थोड्या आल्यात सर, आणि सवलत त्याहून थोडी," तिथली मुलगी म्हणाली होती. "जो दाखला आधी देईल त्याची गाडी आधी." म्हणून त्याने आज सकाळीच गाडी इथे, गावाबाहेर, आणली होती.

बायको मागच्या सीटवरची चादर घडी करून काखेत धरून उभी होती. येताना समोरून येणाऱ्या प्रत्येक ट्रकला ती "हळू" म्हणाली होती.

"अगं, मोडायलाच तर नेतोय," शेवटी तो म्हणाला होता.

"म्हणून आपणही मोडून घ्यायचं का?"

गाडी हवी होती ती धाकटीसाठी. बायकोची ही बहीण टेकडीवरच्या सेवागृहात होती. तिथवर बस जात नसे, आणि रिक्षावाले चढाचे नाव ऐकूनच मान फिरवत. दर गुरुवारी बायको जाऊन तिला न्हाऊ घाली, भरवी, केस विंचरी. धाकटीला आता माणसे ओळखू येत नव्हती. मात्र या गाडीची घरघर चढावर ऐकू आली की ती आपण होऊन खिडकीशी येऊन बसायची. त्या दिवशी चार घास नीट जायचे. बाकीच्या दिवशी तोंड मिटलेले.

"नव्या गाडीला म्हणे आवाजच नाही," बायको म्हणाली. "तिला कळायचं कसं आपण आलोय ते?"

"हॉर्न असतो की."

"तुम्ही वाजवलाय कधी हॉर्न?"

त्याने चष्मा काढून धोतराच्या नाही तर शर्टाच्या टोकाने पुसावा तसा सावकाश पुसला.

भंगारवाला क्रेनवर चढला. कानांवर जाड टोप्या चढवून त्याने यंत्र सुरू केले. लोखंडी पंजा डुलत डुलत आला आणि गाडीच्या टपावर लटकत राहिला. बायकोने पाठ फिरवली.

त्याच वेळी ग्रंथपालाच्या खिशातला फोन वाजला. शोरूमची मुलगी होती.

"सर, एक सांगायचं होतं. सवलतीचे पैसे संपले. आज सकाळीच वरून कळवलंय. एवढी मागणी येईल असं कोणालाच वाटलं नव्हतं."

"पण माझा नंबर..."

"नंबर आहे ना सर, नंबर कुठे जात नाही. पूर्ण किंमत भरलीत तर वर्षअखेरीस गाडी मिळेल. सवलत परत सुरू झाली तर कळवूच. तुम्ही जुनी गाडी अजून मोडली नाहीये ना?"

त्याने वर पाहिले. पंजा अजून लटकतच होता.

ओरडायला हवे होते. थांबवा, एवढे एकच. पण भरल्या खोलीत कोणी खोकले तरी ओठांवर बोट ठेवण्यात त्याची सारी नोकरी गेली होती. घसा उघडला, त्यातून निघाले ते शेजारी उभ्या माणसालासुद्धा जेमतेम ऐकू गेले असते. मग त्याने हात वर केला आणि जोरजोराने हलवला.

क्रेनवरच्या भंगारवाल्याने ते पाहिले. असे निरोप त्याने पुष्कळ पाहिले असावेत. त्यानेही हसून, आपुलकीने, हात हलवला.

पंजा खाली आला.

आवाज थांबला तेव्हा बायकोने विचारले, "कोणाचा फोन होता?"

"शोरूमचा. सवलत संपली."

"कधी?"

"सकाळी."

ती त्याच्याकडे बघत राहिली, मग गाडीकडे. "आणि गुरुवारी?"

त्याने चष्मा काढून पुसला. मघाशीही पुसला होता.

भंगारवाल्याने दाखला आणून हातात ठेवला. "जपून ठेवा हां काका, याच्यावरच नवी मिळते," म्हणाला, आणि पुढच्या गाडीकडे वळला.

दोघे फाटकाबाहेर आले. रस्ता दोन्ही बाजूंना सरळ लांब गेला होता. माणूस दिसत नव्हता, सावलीही नव्हती.

"आलो गाडीने," बायको म्हणाली. "परत कसं जायचं, हे तुमच्या डोक्यात आलं होतं का?"

"नाही."

"माझ्याही नाही."

फाटकालगत एक बुटका कठडा होता. बायकोने त्यावर चादर अंथरली आणि ती एका कडेला बसली, नेहमी बसायची त्या बाजूला. दुसरी बाजू तिने मोकळी ठेवली. तो तिथे जाऊन बसला. दाखला मांडीवर ठेवला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर दोन्ही हात ठेवले.

जुन्या गाड्या लादलेला एक ट्रक धूळ उडवत त्यांच्याच रोखाने आला आणि फाटकात शिरण्यासाठी अगदी जवळून वळला. ग्रंथपालाचा उजवा पाय मातीत करकचून दाबला गेला.

"हळू," बायको म्हणाली.